मागाच्या खडखडाटात कॉलसाठी हेडसेट कुठला घ्यावा?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, दिवसभर व्यापाऱ्यांचे कॉल चालूच असतात, एएनसीवाला (कानात येणारा बाहेरचा गोंगाट दाबणारा) नेकबँड घेतला तर मला समोरचा नीट ऐकू येतो पण त्याला नुसता मागांचा खडखडाट जातो, असं का? आणि लॅपटॉपवर गाणी भारी वाजतात, मीटिंग चालू झाली की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा.

उत्तर: एएनसी तुमच्या कानासाठी असतंय भाऊ. समोरच्याला स्वच्छ आवाज जायला माइकचं नॉइज कॅन्सलेशन लागतं, ईएनसी लिहिलेलं बघा. नेकबँडचा माइक गळ्यापाशी लोंबतो, कॉलरला घासतो, त्यापेक्षा तोंडापुढं दांडी येणारा बूम माइकवालाच घ्या की.

उत्तर: लॅपटॉपचं कारण ब्लूटूथ आहे. गाण्याला ए२डीपी असतं, म्हणजे ब्लूटूथची चांगल्या आवाजाची पद्धत, हेडसेटचा माइक चालू झाला की एचएफपीवर, म्हणजे कॉलच्या पद्धतीवर जातं, तिथं आवाज मोनो होतो आणि सॅम्पलिंग, म्हणजे आवाजाचे सेकंदाला घेतलेले नमुने, बहुतेक वेळा ८ नाहीतर १६ किलोहर्ट्झ, म्हणून आवाज डब्यातला वाटतो. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, आवाज सुधारतो, पण हे ऑफिसात दार लावून बसल्यावरच, मागापाशी लॅपटॉपचा माइक सगळाच गोंगाट ओढतो.

उत्तर: दादा, मागाजवळ गाण्याचा आवाज वाढवू नका हो. ८५ डेसिबलच्या वर रोज ८ तास म्हणजे कानाला धोका, शटलचे माग त्याच्या पुढं जातात. तिथं साधे इअरप्लग घाला, कॉल बाहेर येऊन घ्या.