प्रति: पहिलंच अंडं बिनकवचाचं

ताई, तलंगीनं (नुकतीच अंड्यावर आलेल्या कोंबडीनं) पहिलंच अंडं पिशवीसारखं मऊ घातलं म्हणून घाबरू नका. सुरुवातीला असं होतं. कधी दोन बलक, कधी नुसता लिंबाएवढा गोळा.

आमच्याकडे इंदूरला, राऊच्या बाजूला, 5 कडकनाथ आहेत. (कोंबडी काळी, पण अंडं फिकट बदामी! शेजारी अजून विचारतात.) लेयर (खास अंड्यांसाठीच्या) जातीच्या 20व्या आठवड्याच्या आसपास अंडी घालायला सुरू होतात, आमच्या 6 महिने उलटल्यावर झाल्या. इतर जातींच्या तलंगीचा तुरा लालभडक झाला आणि पाठीवर हात ठेवताच दबून बसू लागली, की अंडं जवळ आलं समजा.

कवच घट्ट व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा मात्र वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तेवढा त्या स्वतःच खातात. महिन्यानंतरही कवच मऊच असेल तर पशुवैद्यांना दाखवा.