व्हिएन्नाचा अर्धा दाखला

जास्वंद : 'प्रत्येक गरोदर बाईचा योनिस्राव जंतूंसाठी तपासलाच पाहिजे, व्हिएन्नाने ते सिद्ध केले आहे' हे परवाच्या धाग्यातले विधान वाचून राहवले नाही. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातल्या 2004 च्या त्या अभ्यासात 4,429 बायका होत्या आणि उपचार मिळालेल्या गटात अकाली प्रसूतीचे प्रमाण 5.3 ऐवजी 3.0 टक्के निघाले, हे खरेच. परंतु फ्रान्समध्ये 84,530 जणींची तपासणी करून, योनीत जंतुदोष (बॅक्टेरियल व्हजायनोसिस) आढळलेल्या कमी जोखमीच्या 2,869 जणींना क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक किंवा औषध नसलेली नकली गोळी दिली, तेव्हा उशिराचा गर्भपात वा फार लवकरची प्रसूती अनुक्रमे 1.2 आणि 1.0 टक्के निघाली. 2018 चा हा निकाल कोणी का सांगत नाही?

पाणकणीस : कारण आपण आंबा आणि फणस एका तराजूत घालत आहात. व्हिएन्नात बुरशी आणि ट्रायकोमोनास या संभोगातून पसरणाऱ्या परजीवीवरही उपचार झाले. फ्रान्सने एकच दोष धरला आणि औषध पोटातून दिले. माझा मुलगा एकतिसाव्या आठवड्यात झाला. पाचव्या महिन्यापासून खाज होती, 'या दिवसांत असे जातेच' एवढेच उत्तर मिळाले.

खडूस : वाईट वाटले, पण आपल्याला त्रास होता. त्रास असेल तर तपासा, याला कोणाचाच विरोध नाही. वाद आहे तो काहीही होत नसलेल्या बायकांचा. अमेरिकेत अशाच बायकांना ट्रायकोमोनाससाठी मेट्रोनिडाझोल हे औषध दिले, तेव्हा औषध घेतलेल्यांत 19 टक्के आणि न घेतलेल्यांत 10.7 टक्के बाळंतपणे वेळेआधी झाली. औषध म्हणजे तीर्थ नव्हे.

पाणकणीस : 'काहीही होत नाही' हे ठरवते कोण? अर्धवट ओढलेला पडदा, पलीकडे नंबर लावून बसलेल्या बायका, शेजारच्या स्टुलावर सासूबाई, आणि डॉक्टर कागदावरून नजर न उचलता विचारतात, 'काही त्रास?' त्या खोलीत पांढरे जाते, वास येतो, हे कोण बोलणार? मीही पहिल्या खेपेस 'नाही' म्हणाले होते आणि नंतर औषधाच्या दुकानातून आत ठेवायच्या गोळ्या आणवल्या होत्या. माझ्या कागदावर मी लक्षणे नसलेलीच होते.

जास्वंद : हे फ्रान्सच्या आकड्यांना उत्तर नव्हे.

पाणकणीस : नसेल. आकडे आपल्याला लखलाभ.

खडूस : पडद्याचा मुद्दा मान्य करावा लागतो. तरीही त्यावर उपाय पडदा नीट ओढणे आणि सासूबाईंना बाहेर बसवणे हा आहे. सरसकट स्वॅब हा नव्हे.

पाणकणीस : ओढला की कळवा. तोवर मी स्वॅबच मागेन.