कॅरिअरवर उतरायला शिकताना ऑटोथ्रॉटल: सोय की पळवाट?

बोल्टरबाबा: स्पष्टच लिहितो. डीसीएस या विमान-सिम्युलेटर गेममध्ये हॉर्नेट हे लढाऊ विमान कॅरिअरवर (विमानवाहू जहाजावर) उतरवायला शिकणाऱ्या नवख्यांना पहिल्याच दिवशी 'ऑटोथ्रॉटल लाव', म्हणजे इंजिनाची पॉवर आपोआप सांभाळणारी सोय चालू कर, असं सांगणं बंद करा. सगळी गोम थ्रॉटलवरच्या (पॉवरच्या दांड्यावरच्या) डाव्या हातात आहे. अँगल ऑफ अटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी पंखांचा कोन) ८.१ अंशांवर ट्रिम केला, म्हणजे तिथे स्थिर ठेवला, की स्टिकने नाक वर-खाली करायचं नसतं, उंची थ्रॉटलनेच राखायची. मीटबॉल (आपण उतरायच्या वाटेच्या वर की खाली ते दाखवणारा जहाजावरचा दिवा) खाली सरकला की पॉवर द्यायची, लगेच दिली त्याहून जास्त काढायची, मग पुन्हा किंचित देऊन स्थिर करायचं. बॉल हलायच्या आत हात हलला पाहिजे. ऑटोवाल्याचा तो हात कधी बसतच नाही.

रात्रपाळी: अजिबात पटलं नाही. खुद्द अमेरिकन नौदलाने सुपर हॉर्नेटला 'मॅजिक कार्पेट' हे उतरणं सोपं करणारं सॉफ्टवेअर दिलं, ते काय वैमानिक आळशी झाले म्हणून? आणि आपल्या गेममधल्या हॉर्नेटच्या सी मॉडेललाही ऑटोथ्रॉटल मुळातच आहे, कुणी मॉड टाकून आणलेला नाही. तुमच्याकडे भारी थ्रॉटल असेल. माझ्या जॉयस्टिकच्या बुडाशी अंगठ्याएवढी पट्टी आहे, मधल्या खाचेत अडकते आणि सुटली की एकदम उडी मारते. तिच्यावर कसला बारीक हात बसवू?

बोल्टरबाबा: पट्टीचं दुखणं खरं आहे, सेटिंगमध्ये कर्व्ह लावून (पट्टीचा प्रतिसाद सौम्य करून) बघा. पण चाकं टेकताक्षणी थ्रॉटल पूर्ण पुढे न्यायचा असतो, विमान अडवणारी डेकवरची तार चुकली तर पुन्हा उडता यावं म्हणून. तेव्हा ऑटो कामाचा नाही. अख्ख्या अप्रोचभर निवांत बसलेला हात ऐन वेळी जागा होत नाही, आमच्या सर्व्हरवर रोज बघतो.

दाबोळीकर: दोघंही एका टोकाला. आमच्याकडे गोव्यातल्या आयएनएस हंसा या नौदल तळावर जमिनीवरच स्की-जंप (उड्डाणासाठी टोकाला वर वळलेली धावपट्टी) आणि तारा बसवल्यात. नौदलाचं तेजस सप्टेंबर २०१९ मध्ये आधी तिथे तारेवर थांबलं, मग ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळणकरांनी ते विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर उतरवलं. म्हणजे एका वेळी एकच अडचण. नवख्याला खरा घाम लाइनअप (पट्ट्याच्या मधल्या रेषेवर राहणं) फोडतो: डेकवरचा उतरायचा पट्टा साधारण ९ अंश तिरका, त्यामुळे जहाज पुढे जाईल तसा तो उजवीकडे सरकत राहतो. तेवढं जमेपर्यंत ऑटो असू दे, मग काढा.

बोल्टरबाबा: मग काढतो कोण? एकदा तिसरी तार (नेम धरायची ती) मिळायला लागली की कुणी काढत नाही. बरं, निदान ग्रुपच्या ग्रेड-तक्त्यात ऑटोने केलेल्या लँडिंगपुढे 'ऑटो' असं लिहा. हाताने मिळवलेला 'ओके' हा चांगला शेरा आणि ऑटोने मिळवलेला एका रांगेत नको.

रात्रपाळी: लिहितो की. शेजारी थ्रॉटलची किंमत लिहायचाही रकाना ठेवा.