खोल समुद्रातल्या गाळात कोण राहतं हे कळायच्या आधी गोटे उपसायचे का?

सूक्ष्मदर्शी, मुलुंड
मध्य हिंद महासागरात सुमारे पाच किलोमीटर खाली, गाळावर बटाट्याएवढे गोटे पडलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं. त्यांच्या शोधासाठी भारताकडे ७५,००० चौ. किमी. क्षेत्र आहे. माझं मत स्पष्ट आहे. त्या गाळातल्या बारीक जिवांची जातवार यादी होईपर्यंत एकही गोटा विक्रीसाठी वर येऊ नये.

एम.एस्सी.ला असताना जहाजावरून आलेला असा गाळ मी चाळलाय. ३२ मायक्रॉनची चाळणी, त्यावर जिवांना गुलाबी करणारा रोझ बेंगालचा रंग. भिंगाखाली करडा चिखल आणि त्यात गुलाबी दोरे: सूत्रकृमी. एकेक सुईने उचलायचा, ग्लिसरीनमध्ये ठेवायचा, मग तोंडातले दात आणि शेपटीचा आकार बघायचा. दिवसभर मान मोडून बसलं तरी कितीतरी जाती एकेकदाच भेटायच्या. दुसरा तसा कृमी पुन्हा नाहीच.

बोरिवलीकर
सुईने कृमी उचलत बसलात तर यादी पुरी व्हायला जन्म जाईल. गाळातला डीएनए एकदम वाचा, महिन्याभरात चित्र मिळेल.

सूक्ष्मदर्शी
वाचाल, पण जुळवणार कशाशी? पॅसिफिकमधल्या, असेच गोटे असलेल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यातल्या नोंदी २०२३ मध्ये एकत्र केल्या, तेव्हा ५,५७८ जाती निघाल्या. त्यांतल्या नाव असलेल्या ४३६. शिवाय मेलेल्या जिवांचा डीएनएही गाळात टिकून राहतो. मी डीएनएच्या विरोधात नाही. ज्या कृमीचा डीएनए घ्याल त्याचाच आधी फोटो काढा, एवढंच म्हणतोय.

धातुविद्या_ठाणे
बॅटऱ्यांना निकेल-कोबाल्ट लागणारच. जमिनीवर खाण काढली की जंगल जातं, गावं उठतात. माणसं उठवण्यापेक्षा ओसाड तळ खरवडलेला मला पटतो. आणि डोळ्यांना न दिसणारे किडे पुन्हा वाढतीलच की.

सूक्ष्मदर्शी
गावं उठतात हा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण "पुन्हा वाढतील" हे चूक आहे. पॅसिफिकमध्ये १९७८ साली गोटे गोळा करायच्या यंत्राची चाचणी झाली. २६ वर्षांनी, २००४ मध्ये, त्या चाकोरीतला गाळ तपासला तर सूत्रकृमी शेजारच्या गाळापेक्षा कमीच होते आणि जातीही कमी. तिथे हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर गाळ बसतो. गोट्याचं तर विचारूच नका, तो दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो.

वेसावकर
तुम्ही दोघं पाच किलोमीटर खाली भांडताय. आमच्या मालाडच्या खाडीतला चिखल कोण चाळतंय? निवट्या (चिखलातली छोटी मासळी) त्या चिखलातलंच बारीकसारीक खाऊन जगतात. माझी आई टोपलीभर आणायची, आता मूठभर मिळाल्या तरी नशीब. पैसा आधी इथे लावा.

धातुविद्या_ठाणे
वेसावकरांशी सहमत. आणि जातवार यादी पुरी होण्याची मुदत सांगा. मुदत नसलेली अट म्हणजे सरळ बंदी.

सूक्ष्मदर्शी
बरोबर, "पूर्ण यादी" हा शब्द मी मागे घेतो. नव्या नमुन्यांत नव्या जाती सापडायचं प्रमाण घटू लागेपर्यंत थांबा. ते आलेखावर दिसतं. तोवर बंदी म्हणा हवं तर.

वेसावकर, खाडीचं मला लागलं. चाळण्या माझ्याकडे आहेत.

वेसावकर
रविवारी ओहोटीला या. होडी आहे. गुडघाभर रुतायची तयारी ठेवा.