विजयकथेत पराभव किती?

लढाई, सामाजिक लढा, संकटावर मात अशा विजयांवरची पुस्तकं सुचवण्याची चर्चा चालली आहे. त्यात कुणी म्हटलंय की विजयावरची पुस्तकं म्हणजे जिंकलेल्यांनी स्वतःची थोपटलेली पाठ. बऱ्याच अंशी पटतं, पण दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेले ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांचं 'डिफीट इनटू व्हिक्टरी' (१९५६) याला सणसणीत अपवाद आहे. नावातच आधी पराभव! १९४२ची ब्रह्मदेशातली माघार, त्यात आपण कुठे चुकलो, हे ते सरळ कबूल करतात. कोहिमावर (आजच्या नागालँडमध्ये) जपानी फार तर एक रेजिमेंट, म्हणजे डिव्हिजनचा एक भाग, आणतील हा त्यांचा अंदाज होता. आली अख्खी डिव्हिजन. आणि लढाईइतकंच मलेरियाबद्दल लिहिलंय. १९४३ मध्ये एका जखमीमागे १२० आजारी सैनिक मागे पाठवावे लागत होते. मलेरियाची औषधं घेतली जातात की नाही हे बघायला अचानक रक्ततपासण्या लावल्या, आणि तीन कमांडिंग ऑफिसरांना घरी बसवलं, तेव्हा कुठे शिस्त आली. विजय असा कंटाळवाण्या कामातून येतो, हे वाचताना मजा वाटते (मला तरी वाटली).

सामाजिक लढ्यासाठी मंडेलांचं आत्मचरित्र अनेकांनी सुचवलंच आहे. भर एवढीच, की त्याचा बराचसा मसुदा तुरुंगातच चोरून लिहिला गेला होता.

नाझी छळछावण्यांतून वाचलेले मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांना मात्र मी 'संकटावर मात' या खान्यात टाकणार नाही. आउश्विट्झच्या छळछावणीत त्यांच्या पुस्तकाचं हस्तलिखित गेलं. सुटका झाली तोवर आई, भाऊ, पत्नी कुणीच उरलं नव्हतं. याला विजय म्हणायचं का? तुम्हीच सांगा.