विषय: उत्तर: १९५६चं घर दुरुस्त करून विकणं (न्यू जर्सी)

प्रेषक: एडिसन

नमस्कार मंडळी,
मिडलसेक्स काउंटीत १९५६चं एक केप कॉड (उतरत्या छपराचं छोटं घर) दुरुस्त करून विकायला बघतोय. मागणी ३,४०,००० डॉलर. त्याच गल्लीत नवी केलेली घरं ५,५०,०००ला जातात. स्वयंपाकघर, दोन बाथरूम, फरशी आणि रंग मिळून ९०,००० धरलेत. गणित बसतं का?

प्रेषक: पार्सिपनी

घर जास्तीत जास्त कितीला घ्यावं याचा नेहमीचा ठोकताळा म्हणजे दुरुस्तीनंतरच्या विक्रीच्या किमतीचे ७० टक्के, वजा दुरुस्तीचा खर्च. तुमच्या आकड्यांनी २,९५,००० येतात. ७५ टक्क्यांपर्यंत ताणलं तरी ३,२२,५००च. शिवाय तुमचे ९०,००० सगळे डोळ्यांना दिसणाऱ्या कामांचे आहेत. या वयाच्या घरात पैसा जातो तो जमिनीत आणि भिंतीत.

पहिली शंका जमिनीत पुरलेल्या, हीटिंगच्या तेलाच्या टाकीची. आज गॅस हीटिंग असलं तरी तळघराच्या भिंतीतून किंवा जमिनीतून बाहेर आलेल्या, कापून चेपलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या शोधा. बाहेर भिंतीलगत फिल पाइप (तेल भरायचा) किंवा व्हेंट (हवा जायचा पाइप) दिसतो का बघा. काही दिसलं नाही तरी टँक स्वीप, म्हणजे यंत्राने जमिनीतल्या टाकीचा शोध, करून घ्याच. टाकी शाबूत असेल तर काढायला काही हजार डॉलर. गळत असेल तर राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवणं, माती उपसणं आणि क्लोजर लेटर (सफाई पूर्ण झाल्याचं पत्र) मिळेपर्यंत थांबणं आलं. वाळू भरून जागेवर सोडलेल्या टाकीवरही घेणाऱ्याचा वकील अडून बसतो.

दुसरं, सीवर लाइनमध्ये (सांडपाण्याच्या पाइपात) कॅमेरा घाला. त्या काळात ऑरेंजबर्ग नावाचा, डांबरात भिजवलेल्या लगद्याचा पाइप सर्रास टाकत. तो दबून चपटा होतो. मातीचा पाइप असेल तर सांध्यांतून झाडाची मुळं शिरतात. दोन्ही वेळा अंगण खणावं लागू शकतं.

विजेच्या पॅनेलवर ‘फेडरल पॅसिफिक, स्टॅब-लॉक’ हे कंपनीचं नाव दिसलं तर बदलण्याचा खर्च आत्ताच धरा. ते ब्रेकर ओव्हरलोड झाले तरी पडतीलच याची खात्री नसते. दोन भोकांच्या जागी नुसते तीन भोकांचे सॉकेट बसवून अर्थिंग होत नाही, इन्स्पेक्टरचा टेस्टर ते लगेच पकडतो. पाण्याचे पाइप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) असतील तर वरच्या मजल्यावर दोन नळ आणि शॉवर एकदम सोडून बघा. धार बारीक झाली की आतून गंजलेत समजा.

फरशीवर मात्र पैसे वाचू शकतात. कार्पेटचा कोपरा उचला, खाली ओकच्या सव्वादोन इंची पट्ट्या असायची दाट शक्यता आहे. घासून पॉलियुरेथेनचे तीन हात दिले की झालं. तळघरात ९ बाय ९ इंची टाइल असतील तर त्या अजिबात घासू नका, ॲस्बेस्टॉस असू शकतं. वरून तरंगती (खाली न चिकटवता नुसती ठेवलेली) फरशी टाका.

प्रेषक: ब्रिजवॉटर

वरच्यात थोडी भर. घर १९७८च्या आधीचं, म्हणजे शिसेयुक्त रंग गृहीत धरा. एका खोलीत ६ चौरस फुटांपेक्षा जास्त रंगवलेला भाग खरवडायचा किंवा कितीही खिडक्या बदलायच्या, तर लेड-सेफ (शिशाचा रंग सुरक्षित हाताळण्याचं) प्रमाणपत्र असलेलाच कंत्राटदार हवा.

परमिट चुकवू नका. वायरिंग आणि प्लंबिंगचं रफ इन्स्पेक्शन (भिंत झाकण्याआधीची तपासणी) होण्याआधी ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे तक्ते) लावलं, तर ते पुन्हा फोडावं लागतं. जुनी उघडी (अंतिम तपासणी न झालेली) परमिटंही टाउनशिपमधून आधीच काढून बघा. ती मालकाबरोबर जात नाहीत, घराबरोबर येतात.

आणि घाई करून फायदा नाही. तुमच्या नावावर घर आल्यापासून ९० दिवसांच्या आत केलेल्या विक्रीकरारावर घेणाऱ्याला एफएचए (सरकारी हमीचं) कर्ज मिळत नाही. तोवर ३,००,०००च्या हार्ड मनी कर्जावर (खासगी, महाग, थोड्या मुदतीच्या कर्जावर) ११ टक्क्यांनी महिना २,७५० नुसतं व्याज. प्रॉपर्टी टॅक्स आणि रिकाम्या घराचा विमा वेगळा. साधी होमओनर पॉलिसी तिथे चालत नाही.

टॅक्सचंही बघा. धंदा म्हणून विकलेलं घर हा माल ठरतो. वर्षभर थांबूनही नफ्यावर लाँग टर्मचा कमी कर-दर मिळत नाही, उलट सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःच्या धंद्याच्या कमाईवरचा) लागू शकतो. १०३१ एक्स्चेंजही (दुसरी मालमत्ता घेऊन कर पुढे ढकलण्याची सवलत) बसत नाही.

प्रेषक: एडिसन

टाकी आणि कॅमेरा, दोन्ही इन्स्पेक्शनच्या मुदतीतच ना?

प्रेषक: पार्सिपनी

हो. पण अट त्याआधीच, ॲटर्नी रिव्ह्यूच्या (वकिलांनी करार तपासायच्या) तीन कामाच्या दिवसांत करारात घालून घ्या: टाकी सापडली तर काढण्याचा आणि मातीच्या सफाईचा खर्च विकणाऱ्याचा, नाहीतर डिपॉझिट परत. ‘ॲज-इज’ (आहे त्या अवस्थेत घ्या) म्हणत असतील तर ३,००,०००च्या वर जाऊ नका.