फरशी साउंडप्रूफ कशी करायची? तातडीने मदत हवी आहे

रेवा_पुणे:
फ्लॅटमधल्या एका खोलीची फरशी साउंडप्रूफ करायची आहे. रविवारच्या आत. फोडाफोड नको. कुणी केलंय का? खालच्या काकू काल दुसऱ्यांदा वर येऊन गेल्या.

गच्चीवरचा:
आवाज कसला? मिक्सर, खुर्च्या सरकवणं, की मुलांची पळापळ? घर स्वतःचं की भाड्याचं?

मंजिरी_ठाणे:
दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा. आमच्याकडे जिन्यातला आवाज निम्म्याने कमी झाला.

गच्चीवरचा:
मंजिरीताई, त्या फरशीचं विचारताहेत.

अण्णा६२:
काकूंच्या छताला अंड्यांचे ट्रे चिकटवून द्या. स्वस्तात काम होतं.

रेवा_पुणे:
सॉरी, घाईत लिहिलं. घर आमचंच. मुलगी कथक करते, संध्याकाळी 7 ते 8 रियाज. मध्यमा प्रथमची परीक्षा जवळ आलीये, बंद ठेवता येणार नाही. काल मी काकूंकडे जाऊन बसले. घुंगरं जवळजवळ ऐकूच येत नाहीत, पण टाचेचा प्रत्येक दणका डोक्यात बसतो. शोकेसमधले काचेचे ग्लास किणकिणत होते. फार वाईट वाटलं.

साइटवरचे_नाना:
आता कळलं. घुंगरांचा आवाज हवेतून जातो, तो स्लॅब बराचसा अडवतो. टाच स्लॅबलाच हादरा देते. तो हादरा स्लॅबपर्यंत पोचायच्या आत अडवायचा. अण्णा, ट्रेने फार तर खोलीतला घुमारा कमी होईल, दणका नाही.
जिममध्ये घालतात ते काळं रबर, 10 मिमी. त्यावर 18 मिमी प्लायची 8 बाय 4 ची दोन शीटं, एकावर एक. स्क्रू 30 मिमीचेच घ्या, नाहीतर खालून बाहेर येतील. फरशीत एकही स्क्रू नको, भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा. आवाज पूर्ण बंद होणार नाही, पण फरक नक्की पडेल.

अण्णा६२:
आमच्या पुतण्याने ट्रेच लावले होते, त्याला फरक पडला.

तत्कार:
पुतण्या तबला वाजवतो का, अण्णा? इथे पाय आपटायचाय. रेवाताई, रंगीत फोमच्या मॅट मात्र आणू नका. चक्कर घेताना तळवा अडकतो आणि गुडघा पिळवटतो. नानांचा पाट उत्तम, नडग्यांनाही बरा. मी 11 वर्षं नुसत्या फरशीवर नाचले, शेवटी नडग्या धरून बसावं लागलं.

नियमवाला:
निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 ते 6 मध्ये 45. तुम्ही 7 ते 8 करता. काकूंना घाबरू नका.

खालच्या_मजल्यावरून:
नियम सांगून डोकं दुखायचं थांबत नाही हो. बाबांच्या ऑपरेशननंतर आम्ही वरच्यांना चारदा सांगितलं, कुणी खाली येऊन ऐकलंसुद्धा नाही. रेवाताई, तुम्ही जाऊन बसलात, यातच खूप आलं.

रेवा_पुणे:
नाना, माळ्यावर जुन्या दिवाणाची 18 मिमी प्लाय आहे, 6 बाय 3. चालेल? आणि रबर कापून कुठे मिळेल?

साइटवरचे_नाना:
चालेल. दुसरी तेवढीच टिंबर मार्केटमधून कापून आणा. रबर जिमचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. आधी पाट नुसता ठेवा, मुलीला टाच मारायला सांगा आणि तुम्ही काकूंकडे बसून ऐका. स्क्रू नंतर.